ईडिथचा खिळा

हूक लागेना.

डॉर्कस ऑग्डनने रेशमाच्या दोन्ही कडा पुन्हा चिमटीत धरल्या, हलकेच एकमेकींकडे ओढल्या आणि सोडून दिल्या. गळ्यापाशी हूक लागत होते; त्याखाली मात्र दोन बोटांची फट राहत होती आणि ती काही केल्या मिटत नव्हती. डॉर्कसच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिला काही बोलायची सोय नव्हती. त्या क्षणी तिला त्या टाचण्यांचे उपकारच वाटले.

“काय झालं? लागत नाही का?” खुर्चीवरून मिसेस सग्डेननी विचारलं.

डॉर्कसने नुसती मान हलवली. आरशासमोरच्या लाकडी पाटावर रोडा फॅरर हात जरासे उचलून उभी होती. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. अंगावर हस्तिदंती रेशमाचं बॉडिस, म्हणजे झग्याचं वरचं अंग, कच्च्या टाक्यांवर जोडलेलं. बाह्या खांद्यापाशी भोपळ्यासारख्या फुगलेल्या, कारण त्या वर्षी तीच फॅशन होती आणि हॅलिफॅक्सच्या बायका फॅशनच्या बाबतीत लंडनला फार फार तर एका हंगामाने उशिरा पोचत.

“लागत नाही म्हणजे काय? मार्चात मापं घेतलीत ना? मी इथेच बसले होते. ह्याच खुर्चीत.”

ते खरं होतं. मिसेस सग्डेन प्रत्येक वेळी येऊन त्याच खुर्चीत बसत. होणाऱ्या सुनेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तो नाही हे लपवायची त्यांना गरजही वाटत नव्हती. रोडा अनाथ, शाळेत लहान मुलांना शिकवणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी. मुलगा विल्फ्रेड गिरण्यांत विणकामाचे माग बसवायला बेल्जियमला जायचा. रोडाशीच लग्न करायचा हट्ट त्याने सोडला नाही; यंदा ईस्टरला घरी आला तो आणखी पक्का होऊन परत गेला. आईने त्याआधीच तोंडाने होकार दिला होता, डोळ्यांनी दिला नव्हता.

आणि तरीही रेशीम त्यांनीच दिलं होतं. ते त्यांनी विकत घेतलं होतं ईडिथसाठी, आपल्या लेकीच्या लग्नासाठी. ईडिथ त्याआधीच छातीच्या दुखण्याने गेली. कापड दोन वर्षं कापराच्या पेटीत पडून राहिलं. सूनबाई रिकाम्या अंगाने घरात आली असं चॅपलमध्ये कोणी म्हणू नये म्हणून ते बाहेर निघालं, असं त्या सांगत. पण बेतायच्या टेबलावर ते उलगडलं तेव्हा त्यांनी त्यावरून हात फिरवला होता आणि डॉर्कसला एवढंच म्हणाल्या होत्या, “जपून कापा.”

डॉर्कसने जपूनच कापलं होतं. तिच्याइतकं जपून कापणारं त्या गावात दुसरं कोणी नव्हतं. दुकान मॅडम एस्टेलचं. मॅडम मूळची रॉचडेलची एस्थर क्लेग. पॅरिस तिने नकाशातसुद्धा धड पाहिलं नव्हतं. पण पाटीवर फ्रेंच नाव असलं की गिऱ्हाईक मापाच्या वेळी पोट आत घेऊन उभं राहतं, असं तिचं मत. मॅडम बोलायची, डॉर्कस कापायची. ऑग्डनची कात्री चुकत नाही, हे गावात लोक हवामानाबद्दल बोलावं तसं बोलत. एवढ्या वर्षांनी त्याचं फळही आता हाताशी आलं होतं. मागच्या खोलीत भिंतीला टेकून नवी पाटी उभी होती. रंगाऱ्याने तिच्यावर खडूने अक्षरं आखून ठेवली होती: ‘एस्टेल अँड ऑग्डन’. सोमवारी येऊन तो सोनेरी रंग भरणार होता. डॉर्कस दिवसातून दहा वेळा काही ना काही कारण काढून त्या पाटीसमोरून जायची. लग्न नाही, लेकरू नाही, घर म्हणजे बहिणीच्या माडीवरची एक खोली. ते नाव तेवढं तिचं होणार होतं.

“श्वास सोड पोरी,” मिसेस सग्डेन म्हणाल्या. “सगळा सोड.”

रोडाने श्वास सोडला. फट तेवढीच राहिली.

डॉर्कसने हाताचा तळवा रेशमावरून नुसता फिरवला. कंबरेपाशी थोडं, छातीपाशी जास्त. भरपेट खाऊन आलेलं अंग वेगळं, वाऱ्याने सुजलेलं वेगळं आणि हे वेगळं. दिवस गेलेली बाई नवऱ्याआधी शिंपिणीला कळते, असं त्यांच्या धंद्यात म्हणत. सकाळी इस्त्रीच्या गरम वासाने रोडाचा चेहरा पांढराफटक पडला होता, तेव्हाच डॉर्कसच्या मनात पाल चुकचुकली होती. आता तिने मान वर करून आरशात पाहिलं. रोडा आरशातून तिच्याकडेच बघत होती. काही मागत नव्हती. पकडलं गेलेलं माणूस बघतं तशी बघत होती.

मिसेस सग्डेन खुर्चीतून उठल्या. अंगाने आडव्या, डोक्यावर काळ्या मण्यांचं बॉनेट, आणि अर्ध्या गल्लीची बाळंतपणं स्वतःच्या हाताने केलेली बाई. त्यांनी पाटाभोवती एक फेरी मारली.

“कापड तोकडं कापलंय, नाहीतर पोरगी फुगलीये,” त्या म्हणाल्या. “दोन्हींतलं एक तर खरं असणारच. काय गं, खाणं वाढलंय का तुझं?”

“नाही... म्हणजे, थोडं वाढलंय.”

“कुठे? त्या हॉर्नबाईच्या खाणावळीत? तिच्या रश्श्यात बटाटा बुडी मारून शोधावा लागतो. तिथं राहून आजवर कोणी फुगलेलं मी तरी पाहिलं नाही.”

रोडा हसायचा प्रयत्न करत होती. तो काही जमला नाही.

“वळ. खिडकीकडे तोंड कर. उजेडात ये अशी.”

डॉर्कसने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या. तिला काहीच करायची गरज नव्हती, हीच खरी पंचाईत होती. तिने खोटं बोलायचं नव्हतं, चहाडी करायची नव्हती. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. मग मिसेस सग्डेनची नजर त्या पोटावर ठरली असती, बेल्जियमला पत्र गेलं असतं, आणि आईपुढे विल्फ्रेडची जीभ उचलत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शाळा तर दुसऱ्याच दिवशी सुटली असती. पुढे अशा मुलींचं काय होतं ते डॉर्कसला कोणी सांगायला नको होतं. अशा पोरी कालव्यात सापडत, आणि त्याच कालव्याच्या काठाने तिचा घरी जायचा रस्ता होता.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली.

मिसेस सग्डेन तिच्याकडे वळल्या. “काय म्हणालात?”

“बॉडिस मी लहान कापलं. पोरीचा काही दोष नाही.”

दुकानाच्या पुढच्या भागातून मॅडम एस्टेल लगबगीने आत आली होती, ती दारातच थबकली. “काय बोलतेस डॉर्कस! तू आणि लहान कापशील?”

“कापलं खरं. ह्या वेळी कागद मी नवा बेतला होता, मासिकाबरोबर आलेल्या नमुन्यावरून. त्या नमुन्यांत माया धरलेली नसते. ती वरून सोडायची असते. मी ती धरलीय असं समजून काठोकाठ कापत गेले.”

माया म्हणजे शिवणीच्या आत दाबायला सोडलेलं जास्तीचं कापड. ती विसरली तर प्रत्येक शिवण थोडं थोडं कापड खाते आणि अंगरखा शेवटी धाकट्या बहिणीचा होतो. नवशिक्या पोरींकडून असं होतं. पोरी रडतात, मालकीण ओरडते, कापड उश्यांच्या अभ्र्यांना जातं. डॉर्कस ऑग्डनकडून हे होणं म्हणजे पाद्र्याने प्रार्थना विसरण्यासारखं होतं.

“मासिकातला नमुना,” मिसेस सग्डेन सावकाश म्हणाल्या. “माझ्या ईडिथच्या रेशमावर.” मग त्यांनी हात पुढे केला. “दाखवा मला तो कागद.”

“कागद?”

“ज्यावरून कापलं तो. मलाही शिवता येतं बाई, मी काही मखरात जन्मले नाही. माया धरलीय की नाही ते मला बघता येतं. आणा.”

डॉर्कस पडद्याआड गेली.

मागच्या खोलीत भिंतभर खिळे होते. दुकानाच्या रीतीप्रमाणे प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक खिळा, त्यावर तिच्या अंगाच्या मापाचा तपकिरी कागद, कोपऱ्यात तिचं नाव. लग्न झालं की नाव बदलायचं. बाई गेली की कागद गुंडाळून तिच्या घरी पोचवायचा आणि खिळा दुसरीला द्यायचा. एकच खिळा रिकामा होता. ईडिथचा कागद घरी गेल्यावर तिथे दुसरा कागद लावायला डॉर्कसचा हात धजला नव्हता.

शेजारच्या खिळ्यावर रोडाचा कागद होता. डॉर्कसने तो उतरवला. तिच्या हातचा, सुरेख, आणि बरोबर. काठाच्या आत दातेरी चाकाने टोचत नेलेली ठिपक्यांची बारीक रेघ, शिवण कुठून जायची ते सांगणारी. त्या रेघेबाहेरची पट्टी हीच माया. आंधळ्यालाही बोटाने कळली असती. हा कागद बाहेर गेला की सगळं संपलं.

कोरा तपकिरी कागद टेबलाखाली होता. तिने तो पसरला, त्यावर रोडाचा कागद ठेवला, शिशाची दोन वजनं ठेवली आणि मोठी कात्री उचलली. पलीकडच्या खोलीत शिवणयंत्रं घरघरत होती, त्या आवाजात कात्रीचा आवाज बुडून जात होता. गळ्याचा गोल झाला. खांदा झाला. काखेच्या वळणावर ती आली, आणि नेमकी त्याच वेळी यंत्रं एकेक करून थांबली. पोरींच्या चहाची वेळ झाली होती.

आता पडद्यापलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, म्हणजे इकडचं तिकडेही जात असणार.

“सकाळी काय खाल्लंस?” मिसेस सग्डेन विचारत होत्या.

“ओटकेक. आणि चहा.”

“राहिलं का पोटात?”

लाकडी पाट तेवढा करकरला.

डॉर्कसने कात्रीची पाती जवळजवळ मिटलेली ठेवून नुसती पुढे सरकवायला सुरुवात केली. कागद कुरकुरला. तिच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत आला. तो पुसायलाही तिने हात काढला नाही.

“तुला विचारलं मी काहीतरी.”

“मिसेस सग्डेन, चहा घेता का थोडा?” मॅडमचा गोड आवाज आला. “आमच्याकडे आज आल्याचा पार्किन केकही आहे.”

“मला चहा नको, कागद हवाय. किती वेळ लागतो एक कागद आणायला?”

“आले!” डॉर्कसने आतून सांगितलं आणि त्या शब्दाखाली कंबरेपर्यंतची सगळी कड एका दमात कापून टाकली.

नव्या कागदाचा आकार तोच होता; ठिपक्यांची रेघ तेवढी नव्हती, म्हणजे माया धरलेलीच नाही. तिने पेन्सिलीने कोपऱ्यात रोडाचं नाव लिहिलं. जुना कागद शेगडीत घालावा असं आधी मनात आलं; पण जळका वास बाहेर गेला तर रोडाला उमळून येईल. म्हणून तो तिने घडी करून आपल्याच एप्रनच्या छातीआड खुपसला. इतक्या वर्षांत तिने कितीतरी कागद कापले होते. मुद्दाम चुकीचा असा हा पहिलाच. तिला लाज वाटत होती.

ती बाहेर आली. प्रत्येक श्वासागणिक छातीशी कागद कुरकुरत होता. तिने श्वास अर्धाच घ्यायला सुरुवात केली.

मिसेस सग्डेननी कागद दोन्ही हातांत घेतला. अंगठा काठाच्या आतून फिरवला, गळ्यापासून खाली, अगदी सावकाश, ठिपके शोधत. ठिपके लागले नाहीत. मग त्यांनी तो खिडकीशी उजेडात धरला.

आणि डॉर्कसला आपली चूक दिसली. कागदाला टाचणीचं एकही भोक नव्हतं. ज्या कागदावरून कापड कापतात तो आधी कापडावर टाचण्यांनी पक्का टाचतात. असा कागद उजेडात धरला की चाळणीसारखा दिसतो. हा सपाट, आंधळा, कोरा करकरीत. तिला वजनं ठेवायचं सुचलं आणि टाचण्या टोचायचं सुचलं नाही. मॅडमलाही ते त्याच क्षणी दिसलं. तिची भुवई वर गेली आणि तिथेच राहिली.

मिसेस सग्डेन बराच वेळ कागदाकडे पाहत होत्या. पाटावर रोडाने डोळे मिटून घेतले होते.

“माया धरलेली नाही,” शेवटी त्या म्हणाल्या आणि कागद खाली केला. “एवढी साधी गोष्ट. माझी ईडिथ बाहुलीचे कपडे शिवायची, तीसुद्धा माया धरायची.”

त्या परत खुर्चीत बसल्या. आता त्या चिडतील, घर डोक्यावर घेतील, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी हात लांब करून रोडाच्या अंगावरच्या रेशमाचं टोक तेवढं धरलं आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. “दुसरं रेशीम मिळेल हो दुकानात. हे नाही मिळायचं. तिने स्वतः निवडलं होतं. वीस गठ्ठे उलगडायला लावले होते त्या माणसाला.”

डॉर्कस मान खाली घालून उभी राहिली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तिला परवडलं असतं. ह्या बाईला आपण फसवतोय एवढंच नव्हे, तिच्या मेलेल्या लेकीची वस्तू नासल्याचं दुःखही आपण तिला फुकट देतोय, हे तिला कळत होतं आणि त्यावर काहीही इलाज नव्हता. एकीला वाचवायचं तर दुसरीला दुखवायचं, असा तो हिशेब होता.

“ह्यावर उपाय आहे,” ती म्हणाली. “पुढून रेशीम उघडं ठेवायचं, मध्ये शिफॉन घालायचं. सैलसर, चुण्या घालून, कंबरेवर जरा झुलतं. यंदा चालतंही तेच. रेशमाचा एक तुकडा वाया जाणार नाही.”

“बायबलाची शपथ, फार सुंदर दिसेल!” मॅडमला वाचा फुटली.

मिसेस सग्डेननी रोडाकडे पाहिलं, मग फटीकडे, मग डॉर्कसकडे. “करा. पण ह्या बाईचा हात माझ्या कापडाला पुन्हा लागता कामा नये. आणि मी हे बोलणार आहे, मॅडम. गप्प नाही बसणार. दुसऱ्या कोणाचं असं व्हायला नको.”

त्या गेल्या. जाताना रोडा पायरीवर एकदा मागे वळली. तिचे ओठ हलले. पण सासू पुढे होती, आणि ती तिच्यामागून निघून गेली.

मॅडमने दार लावलं, पडदा ओढला आणि टेबलावरचा कागद उचलला. आता ती मॅडम राहिली नव्हती.

“ह्याला टाचणी लागलेलीच नाही, डॉर्कस.”

डॉर्कसने एप्रनच्या आतून घडी काढून तिच्यापुढे ठेवली. एस्थर क्लेगने ती उलगडली, ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला.

“पोरीला दिवस गेलेत?”

“तुला कळलं ना? मग मोठ्याने कशाला बोलतेस.”

“अगं पण तू कोण तिची? मावशी? आत्या? रविवारी ही बाई चॅपलच्या पायरीवर उभी राहून सांगेल आणि सोमवारी माझ्या दुकानात कुत्रं फिरकणार नाही! वर पाटीवर तुझं नाव—”

“नको घालूस.”

“वीस वर्षं, डॉर्कस!”

“बावीस,” डॉर्कस म्हणाली. “म्हणून तर सांगते. मी कापते म्हटल्यावर तुझी गिऱ्हाइकं पळतील. मला टोप्यांच्या बाकावर बसव. अस्तरं लावीन.”

एस्थर रडायला लागली. ती रडताना नेहमी रॉचडेलची होत असे. डॉर्कसने बादलीत फडकं बुडवलं, पिळलं आणि पाटीवरचं आपलं नाव स्वतःच पुसलं. खडू ओल्या लाकडावरून लगेच निघाला. ‘अँड’ तेवढं तिच्याने पुसवेना. ते एस्थरने पुसलं.

मिसेस सग्डेननी शब्द पाळला. रविवारी चॅपलच्या पायरीवर, मंगळवारी बाजारात, गुरुवारी बायकांच्या शिवणवर्गात. जिभेला हाड नसतं, आणि चुकलेल्या कुशल माणसाची गोष्ट तर लोकांना चहापेक्षा गरम लागते. आठवड्याभरात सगळ्यांना आठवू लागलं की आपलीही एक बाही कधीतरी काखेत दाटत होती. खाटकाची बायको तर दहा वर्षांपूर्वीचा झगा घेऊन आली. तो ज्या कारणाने तंग झाला होता ते कारण तिच्या दोन्ही हनुवट्यांवरून दिसत होतं. डॉर्कस ‘हो, असेल’ म्हणाली.

टोप्यांचा बाक मिस टॅटरसॉलच्या ताब्यात होता. ही बाई डॉर्कसच्या निम्म्या वयाची. बक्रमच्या, म्हणजे खळ देऊन कडक केलेल्या कापडाच्या, सांगाड्यांना तार लावायची, काठांचे गोल कापायची ती. डॉर्कसकडे आत अस्तर शिवणं तेवढं यायचं, टोपी डोक्यावर गेली की जे कोणाला दिसत नाही ते. मोठी कात्री आता मागच्या खोलीत खुंटीला लटकत होती. दुसऱ्या कोणाच्या हातात ती बघितली की डॉर्कस नजर फिरवायची.

लग्नाच्या झग्याचा शेवटचा टाका नवरी दारातून निघताना घालायचा, तोवर घेर अर्धवट ठेवायचा, आणि तो टाका ज्या हाताने कापड कापलं त्याच हाताने घालायचा अशी जुनी रीत. तो घालायला मॅडम गेली. डॉर्कस त्या सकाळी एका गवती टोपीला जांभळं अस्तर लावत होती. चॅपलची घंटा वाजली तेव्हा सुई तिच्या बोटात गेली आणि अस्तरावर रक्त लागू नये म्हणून तिने बोट तोंडात धरलं. शिफॉनचं झुलतं सगळ्यांना फार आवडलं असं मॅडमने येऊन सांगितलं. दोन पोरींनी तसंच मागितलंसुद्धा.

जानेवारीत, बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला होता त्या दिवसांत, सग्डेनांच्या घरी मुलगी झाली. चॅपलमध्ये लोकांनी बोटांवर महिने मोजले. मिसेस सग्डेन बाळाला शालीत घेऊन सगळ्यांच्या समोरून फिरल्या. “सातमासी आहे,” त्या म्हणाल्या, “पण आमच्या घराण्यातली मुलं काटकच असतात.” त्या सातमासी मुलीचे गाल पावासारखे फुगलेले होते. बघणाऱ्यांनी गाल बघितले, मग मिसेस सग्डेनची नजर बघितली, आणि हो म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात त्या दुकानात आल्या. दोन गिऱ्हाइकं आत बसलेली होती. त्यांनी हातातलं पुडकं सोडलं. आत हस्तिदंती रेशमाचा उरलेला तुकडा होता.

“बाप्तिस्म्यासाठी टोपी हवीय नातीला.”

“मी स्वतः कापते, मिसेस सग्डेन,” मॅडम घाईने म्हणाली. “तुम्ही काही काळजी करू नका.”

“तुम्ही नको.” मिसेस सग्डेननी मान वळवून टोप्यांच्या बाकाकडे पाहिलं. “त्या कापतील. झालेली चूक भरून काढू दे त्यांना. फक्त ह्या वेळी माया धरायला सांगा.”

गिऱ्हाइकं तोंडावर हात ठेवून हसली. डॉर्कस उठली, पुडकं घेतलं आणि मागच्या खोलीत गेली. मिसेस सग्डेन तिच्या मागोमाग आल्या आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.

डॉर्कसने पुडकं टेबलावर ठेवलं. मिसेस सग्डेन खिळ्यांच्या भिंतीकडे पाहत होत्या.

“त्या दिवशी मी कागद खिडकीशी धरला होता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “उजेड कुठूनच आला नाही.”

डॉर्कसने टेबलाची कड धरली.

“तेव्हा नाही कळलं हो. डोळ्यांत पाणी होतं. शिफॉनचा झगा तयार होऊन घरी आला, तो पेटीत ठेवताना रेशमावर टाचण्यांची भोकं दिसली आणि एकदम कळलं. तोवर मी गावभर सांगून बसले होते.” त्यांनी हातमोजे काढले, परत घातले. “आणि आता मला ते परत घेता येत नाही, मिस ऑग्डन. तुमचं नाव धुवायला गेले तर त्या लेकराच्या तोंडाला काळं लागतं. मी मरेपर्यंत तुम्हालाच चुकलेली म्हणत राहणार.”

“म्हणा,” डॉर्कस म्हणाली.

“तुम्हाला राग नाही येत?”

“येतो. पाटी बघितली की येतो.”

मिसेस सग्डेननी मान हलवली. त्यांना हे उत्तर दुसऱ्या कुठल्याही उत्तरापेक्षा बरं वाटलं असावं. जाताना त्या पडद्यापाशी थांबल्या. “कागदावर नाव घालायचं ना तुमच्या रीतीप्रमाणे? ईडिथ घाला. ईडिथ सग्डेन.”

त्या गेल्यावर डॉर्कसने खुंटीवरची मोठी कात्री काढली. पाती कोणीतरी तेल न लावता ठेवली होती. तिने ती एप्रनला पुसली. बाळाच्या टोपीचा कागद तो केवढा असणार! डोक्यावरची एक पट्टी आणि मागे एक गोल. तिने तो आखला, कापला आणि काठाच्या आतून दातेरी चाक फिरवत नेलं. मग रेशमावर कागद ठेवून टाचण्या टोचल्या, लागत होत्या त्याहून थोड्या जास्तच, आणि कापड कापलं.

काम झाल्यावर तिने कागद सोडवला, कोपऱ्यात नाव लिहिलं आणि रिकाम्या खिळ्यावर अडकवला. बाहेरून मिस टॅटरसॉलने अस्तर झालं का म्हणून हाक मारली. डॉर्कसने कात्री खुंटीला परत लावली आणि ती बाकाकडे गेली.